बॉक्स त्यांचा, ताप आपला

गेल्या मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास मावशीचा फोन आला. "टीव्ही परत चौकोन चौकोन व्हायलाय रे. चित्र अडकतंय, आवाज तुटतोय. तू इंजिनियर ना, बघून जा की."

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या डिग्रीचा आणि डिशच्या बॉक्सचा फारसा संबंध नाही, पण हे मावशीला सांगून उपयोग नसतो. तिच्या लेखी इंजिनियर म्हणजे इंजिनियर. बल्बपासून मोबाईलपर्यंत सगळं त्याला आलंच पाहिजे. वर्क फ्रॉम होम चालू होतं, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि कुंभारीला गेलो.

मावशी राहते गोदूताई परुळेकर घरकुलात. विडी कामगार बायकांच्या लढ्यातून उभी राहिलेली, २००६ साली वाटप झालेली दहा हजार घरांची ही वसाहत. तिथं दुपार म्हणजे कामाची वेळ. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, हात चालू आणि कान टीव्हीकडे. डोळे वर करायला वेळ नसतो, त्यामुळे मालिका बघायची नसते, ऐकायची असते. आवाज तुटला की सगळंच तुटतं. ज्यांना वाटतं की टीव्ही बंद पडला तर काय मोठं बिघडलं, फोनवर बघा, त्यांनी एकदा दोन्ही हातांना तंबाखू लागलेली असताना फोन वापरून बघावा.

कंपनीकडे तिनं तीनदा तक्रार केली होती. पहिल्यांदा सांगितलं, छत्री हलली असेल. माणूस आला तो सकाळी दहाला. दहाला चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. "काही प्रॉब्लेम नाही" म्हणून तो व्हिजिट चार्ज घेऊन गेला. मावशीची दिवसभराची मजुरी साधारण तेवढीच. दुसऱ्यांदा सांगितलं, बॉक्स बंद करून चालू करा. तिसऱ्यांदा, नवा बॉक्स घ्या, ऑफर आहे. मी स्पीकरवर चौथा फोन लावला तेव्हा पलीकडचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, बॉक्स थंड आणि हवेशीर जागी ठेवा."

बाहेर चव्वेचाळीस अंश होतं. स्लॅब तापलेला, पंखा गरम हवा खाली ढकलत होता. मी त्याला विचारलं, "सोलापुरात मे महिन्यात थंड जागा कुठं असते, सांग. आम्हीच जाऊन बसतो तिथं." तो गप्प झाला. त्या पोराची चूक नव्हती, त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर तेवढंच लिहिलेलं असणार. हा लेख त्या स्क्रीनवर ते वाक्य लिहिणाऱ्यांसाठी आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुसऱ्या कुठल्या कंपनीचा बॉक्स असता तरी तेच वाक्य ऐकायला मिळालं असतं अशी माझी खात्री आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या घरात वर्षातले तीन महिने जे तापमान असतं, त्यात न चालणारी वस्तू आपल्याला दिली जाते. ती बंद पडली की दोष आपल्या घराला, आपल्या हवेला, आपल्या सवयींना दिला जातो. आणि ती उघडून नीट करायचा हक्क मात्र आपल्याला नसतो. हे तिन्ही एकत्र चालू देणं हा आपला भाबडेपणा आहे.

आधी निदान

भांडायच्या आधी आपली बाजू तपासावी म्हणून दोन दिवस मी शांतपणे बॉक्सच्या मागे लागलो. कुणाच्या घरी हेच होत असेल तर उपयोगी पडेल, म्हणून क्रमानं सांगतो.

पहिलं, वेळ लिहून ठेवली. सकाळी काहीच नाही. दुपारी एकनंतर चौकोन सुरू, तीन ते पाच सगळ्यात वाईट, रात्री नऊनंतर परत ठीक. छत्री हललेली असती तर ती घड्याळ बघून हलली नसती.

दुसरं, बॉक्सच्या मेन्यूतलं सिग्नलचं पान उघडलं. तिथं स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या असतात. पावसाळी ढग आले, छत्री फिरली की क्वालिटीची पट्टी पडते. इथं चित्र फुटत असतानाही पट्टी जागची हलत नव्हती. म्हणजे आकाशातून येणारं सगळं व्यवस्थित येत होतं, बिघाड घरात होता.

तिसरं, जागा. आणि इथं आपली चूक कबूल केली पाहिजे. बॉक्स शोकेसमध्ये, काचेच्या दाराआड. वर मावशीनं विणलेला लोकरीचा रुमाल, रुमालावर सिद्धरामेश्वरांचा फोटो. बॉक्सच्या झाकणाला माझ्या मल्टिमीटरची तापमानाची तार लावली तर अठ्ठावन्न अंश. देवाची क्षमा मागून फोटो वरच्या कप्प्यात हलवला, रुमाल काढला, बॉक्स शोकेसबाहेर आणून खाली दोन लाकडी ठोकळे दिले, म्हणजे तळाच्या जाळीतून हवा आत जाईल. तासाभरात तापमान एक्कावन्नवर आलं. चौकोन कमी झाले, पण गेले नाहीत.

चौथं, धूळ. आमच्या सोलापुरात धूळ म्हणजे नुसती माती नाही. यंत्रमागाच्या शेडमधून उडणारी सुताची पांढरी लव सगळीकडे जाते. शेजारच्या गल्लीत टॉवेलचे माग आहेत. बॉक्सच्या जाळीवर त्या लवेची पातळ गोधडीच तयार झाली होती. ती ब्रशनं काढली.

पाचवं, छत्रीची केबल. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. छत्रीच्या पुढं जो छोटा ठोकळा असतो, एलएनबी, त्याला वीज हा बॉक्सच पुरवतो, त्याच केबलमधून, १३ किंवा १८ व्होल्ट. त्या दोन व्होल्टेजवरून एलएनबीला कळतं की उभ्या ध्रुवणाचा सिग्नल घ्यायचा की आडव्या. केबलच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलं, गंज चढला, की तिथं वीज गळते, बॉक्सला जास्त काम पडतं आणि तो जास्त तापतो. बॉक्स बंद करून केबल सोडवा, मग चालू करून अर्धा तास ठेवा. ताप एकदम उतरला तर संशय केबलवर किंवा एलएनबीवर. मावशीच्या गच्चीवरचा कनेक्टर हिरवा पडला होता. नवा लावला, वर टेप गुंडाळली. थोडा फरक पडला.

सहावं, ॲडॉप्टर. आणि चोर इथं सापडला. त्यावर छापलेलं १२ व्होल्ट. दुपारी चारला बॉक्स चालू असताना मोजलं तर ११ च्याही खाली. हात लावला तर बॉक्सपेक्षा ॲडॉप्टर जास्त गरम. शेजाऱ्यांचा तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच अँपिअरचा आणि तशाच पिनचा ॲडॉप्टर उसना घेतला. तीन ते पाच एकही चौकोन नाही. मावशीच्या पाचशे विड्या झाल्या.

मूळचा ॲडॉप्टर घेऊन शहरात पेठेतल्या एका जुन्या टीव्ही मेकॅनिककडे गेलो. ॲडॉप्टर घरी उघडू नका. त्यातल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही झटका देण्याइतकी वीज राहते. मामांनी तो फोडला, आतला एक छोटा कंडेन्सर नखानं दाखवला. त्याचं डोकं फुगलेलं. "हे बघ. बॉक्स बरा हाय, याला ताप आलाय." जुना काढला, नवा घालून डाग दिला, तुकडे चिकटवून टेप मारली. साठ रुपये घेतले. त्यात कंडेन्सरची किंमत पाच-सहा रुपये असेल, बाकी त्यांच्या चाळीस वर्षांच्या नजरेची.

नवा बॉक्स घ्या म्हणणारी ऑफर हजाराच्या पुढची होती.

चाळीस अंशांचं जग

घरी आल्यावर बॉक्ससोबत आलेलं माहितीपत्रक शोधून काढलं. शेवटच्या पानावर, भिंग लागेल अशा अक्षरात, वापरायचं तापमान दिलंय: ० ते ४० अंश सेल्सिअस. घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर हा आकडा सर्रास दिसतो.

शून्य कशासाठी? मावशीच्या घरात पारा शून्यावर कधी गेला होता? आमच्याकडं डिसेंबरात पंधरा झालं तरी लोक स्वेटर काढतात. खालचे पंधरा अंश आमच्या काही कामाचे नाहीत, आणि वर जे पाच-सात अंश हवेत ते दिलेले नाहीत. ही मर्यादा ठरवणाऱ्यानं कुठल्या घराची कल्पना केली असेल? भिंतीत एसी, टीव्ही टेबलावर, दार-खिडक्या बंद. भारतात अशी घरं आहेत, पण ती अपवाद आहेत. सोलापूर, विदर्भ, मराठवाडा, पलीकडे कलबुर्गी, रायचूर, सगळा तेलंगणा, हा नियम आहे. या पट्ट्यात मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस ही वर्तमानपत्राच्या आतल्या पानाची बातमी असते.

तापमानाचा आणि आयुष्याचा हिशोब इंजिनियरिंगच्या पुस्तकात असतो. स्वांते अर्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १८८९ मध्ये तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचं समीकरण मांडलं. त्यावरून कंडेन्सरसाठी एक ढोबळ नियम निघतो: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. या कंडेन्सरच्या पोटात द्रव असतो, उष्णतेनं तो हळूहळू उडून जातो. साध्या कंडेन्सरवर लिहिलेलं असतं १०५ अंश, आणि त्या तापमानाला तो टिकणार २००० तास. ६५ अंशांवर ठेवला तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. अखंड चालू धरलं तर साडेतीन वर्षांहून जास्त. ७५ वर ठेवला तर १६,००० तास, म्हणजे दोन वर्षंही नाहीत. आणि कंडेन्सर कमजोर झाला की स्वतःच जास्त तापतो, त्यामुळे शेवट अजून लवकर येतो.

आता बघा, पुण्या-मुंबईतल्या एसी खोलीतल्या बॉक्सपेक्षा मावशीचा बॉक्स दहा-पंधरा अंश जास्त गरम हवेत बसलाय. तीच वस्तू, तीच किंमत, तोच महिन्याचा रिचार्ज, आणि उन्हाळ्यातल्या दर तासाला आयुष्य निम्मं किंवा त्याहून कमी. हे कुठंही लिहिलेलं नसतं. गरम गावातला गिऱ्हाईक तेवढ्याच पैशात कमी वस्तू विकत घेतो.

याला उपाय म्हणजे काही रॉकेट सायन्स नाही. जास्त तासांचे कंडेन्सर मिळतात. झाकणाला जास्त भोकं पाडता येतात. चिपवर थोडी मोठी ॲल्युमिनियमची पट्टी बसवता येते. आकाराला दोन सेंटिमीटर उंची जास्त देता येते. पण बॉक्स बारीक, काळा, चकचकीत दिसला पाहिजे. म्हणून आत हवा फिरायला जागा नाही आणि हवा फिरत नाही याबद्दल बोलणी मावशीच्या रुमालाला.

लाल दिवा

आता माझ्या जातभाईंबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांबद्दल.

रिमोटचं बटण दाबलं की हिरवा दिवा जाऊन लाल लागतो. आपण समजतो बॉक्स बंद झाला. मी प्लगला वॉट मोजायचा छोटा मीटर लावला. चालू असताना मावशीचा बॉक्स ११ वॉट घेत होता. लाल दिवा लागल्यावर ९. म्हणजे बंद झाला तो फक्त टीव्हीकडे जाणारा चित्र-आवाज. आत चिप जागी, ट्यूनर जागा, गच्चीवरच्या एलएनबीला वीज चालूच.

मावशी टीव्ही दिवसाला सहा तास चालवते. हिशोब केला तर वर्षाला बघताना २४ युनिट, आणि कुणी बघत नसताना ५९ युनिट. दर शंभर युनिटमागे सत्तर युनिट लाल दिव्यासाठी. ही फक्त आपलीच गोष्ट नाही. अमेरिकेत नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या संस्थेनं २०११ मध्ये अहवाल दिला होता. तिथले सेट-टॉप बॉक्स वर्षाला सुमारे २७०० कोटी युनिट वीज खातात, आणि त्यातली जवळपास दोन तृतीयांश वीज कुणी बघत नसताना जाते, असं त्यात दाखवलं होतं. बोंबाबोंब झाली, सरकारी नियमाची टांगती तलवार दिसली, आणि २०१२ च्या डिसेंबरात तिथल्या मोठ्या कंपन्यांनी वीज कमी करायचा करार केला. पुढच्या वर्षांत बॉक्सचा वीजवापर बराच खाली आला. म्हणजे करता येतं. कुणी मागितलं तर.

आपल्याकडे ट्रायच्या आकड्यांनुसार २०२४ च्या मध्यात पैसे भरून डीटीएच बघणारे ग्राहक सहा कोटींच्या वर होते. सगळ्यांचे बॉक्स मावशीच्या बॉक्ससारखे नसतील, बरेच लोक भिंतीवरचं बटण बंद करत असतील. म्हणून निम्मे सोडून देऊ. उरलेल्या निम्म्या घरांत वर्षाला ५९ युनिट असेच गेले तर होतात १८० कोटींच्या आसपास युनिट. आमच्या इथं फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. ते पूर्ण क्षमतेनं जवळजवळ दोन महिने चाललं तर एवढी वीज तयार होईल. कोळसा सोलापूरच्या मातीवर जाळायचा, राख इथं ठेवायची, आणि त्यातून काय करायचं तर लाल दिवे लावायचे, म्हणजे सोलापूरच्याच घरात बॉक्स रात्रभर तापेल.

बॉक्स झोपत का नाही? कारण झोपवणारा कोड लिहायला वेळ लागतो. खोल झोपेतून उठायला बॉक्सला मिनिट-दोन मिनिटं लागतील, गिऱ्हाईक ओरडेल, म्हणून सोपा मार्ग म्हणजे झोपवायचंच नाही. रात्री अपडेट पाठवायचे असतात, तेव्हा तो जागा पाहिजे. हे मी अंदाजानं बोलत नाही. मी बॉक्सचं सॉफ्टवेअर लिहिलेलं नाही, पण ज्या बैठकांमध्ये असे निर्णय होतात तशा बैठकांमध्ये मी बसलोय. सगळे डेव्हलपर एसीत असतात, टेस्टिंग एसीत होतं. "दुपारी तीनला, चव्वेचाळीस अंशांत, चौदा तास चालू असताना" असली टेस्ट केस कुणी लिहीत नाही. मीही लिहिलेली नाही. आमच्या ॲपनं फोन गरम होतो अशी तक्रार आली तेव्हा मी ती "लो प्रायॉरिटी" करून ठेवली होती, हे इथं कबूल करतो.

समोरच्यांचं म्हणणं

हे सगळं मित्रांच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा तीन उत्तरं आली. तिन्हींत थोडं खरं आहे, म्हणून गांभीर्यानं घेतो.

पहिलं: "बॉक्स स्वस्त आहे म्हणून तर मावशीकडे पोचला. चांगला बनवला तर महाग होईल." स्वस्त पाहिजेच. पण कुणासाठी स्वस्त? पाच-सहा रुपयांच्या कंडेन्सरऐवजी बारा रुपयांचा घातला तर कंपनीचा खर्च सहा रुपयांनी वाढतो. न घातल्यामुळे मावशीचा व्हिजिट चार्ज गेला, महिनाभराच्या दुपारी गेल्या आणि हजाराची ऑफर गळ्यात पडणार होती. वाचलेला खर्च गायब झाला नाही, तो मावशीच्या घरी येऊन बसला.

दुसरं: "बॉक्समध्ये चॅनेलचं कुलूप असतं. कुणालाही उघडू दिला तर चोरी होईल." कुलूप मान्य. चॅनेल फुकट बघण्याचे धंदे झालेत आणि होतात. पण कुलूप असतं कार्डात आणि चिपमध्ये. ॲडॉप्टरमध्ये कुठलं गुपित आहे? वीज देणारा भाग, एलएनबीचा भाग, जाळी, झाकण, यांचा आणि कुलुपाचा काय संबंध? तिजोरीला किल्ली असते म्हणून घराचा पंखाही मालकानं दुरुस्त करायचा नाही, असं कुणी म्हणालं तर आपण हसू. बॉक्सच्या बाबतीत हसत नाही.

तिसरं, आणि हे सगळ्यात जास्त लाइक्स मिळालेलं: "कोण बघतं आता डिश? सगळं ओटीटीवर आहे." डीटीएचचे ग्राहक कमी होतायत हे खरं. पण कोट्यवधी घरं म्हणजे "कोण" नव्हे. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो पोराच्या खिशात कामावर जातो, त्या घरात दुपारी काय उरतं? आणि ओटीटीसाठी जी काडी टीव्हीच्या मागे खोचता, जो राउटर चोवीस तास चालू असतो, ते कुठल्या थंड जागी ठेवलंय? हात लावून बघा. बॉक्स गेला तरी ताप जाणार नाही, त्याचा आकार बदलेल.

मालक कोण?

मेकॅनिक मामांनी ॲडॉप्टर आनंदानं उघडला, पण बॉक्सला हात लावायला नकार दिला. "त्यावर सील हाय. तुटलं तर कंपनी तुझ्याकडं पैसे मागंल, तू माझ्याकडं येशील." तिथंच दुकानात दुसरा एक बॉक्स पूर्ण उघडा पडलेला होता. तो होता फ्री डिशचा.

हा फरक बघण्यासारखा आहे. दूरदर्शनची ही सेवा २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झाली. महिन्याचा रिचार्ज नाही, बॉक्स बाजारातून कुठलाही विकत घ्यायचा. तो पूर्णपणे आपला. म्हणून पेठेत त्याचे ॲडॉप्टर मिळतात, रिमोट मिळतात, बोर्ड मिळतात, आणि तो दुरुस्त करणारे मामाही मिळतात. तोही तापतो, तोही बिघडतो, पण त्याचं मरण लांबवता येतं. सील लावलेल्या बॉक्सचं येत नाही. दुरुस्तीचा व्यवसाय कौशल्य संपलं म्हणून मेला नाही. त्याच्या हातातली वस्तू काढून घेतली म्हणून तो मरतोय.

गंमत म्हणजे आपल्या कागदांवर सगळं छान लिहिलेलं आहे. १५ मार्च २००१ च्या डीटीएच मार्गदर्शक तत्त्वांतच अट होती, की बॉक्सची रचना खुली असावी, एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेला चालावा. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, ११ एप्रिल २०२० ला, ट्रायला परत तीच शिफारस करावी लागली, की सगळे बॉक्स एकमेकांच्या सेवांना चालणारे असावेत. आज मावशीनं कंपनी बदलायचं ठरवलं तर जुना बॉक्स तिच्या काय कामाचा? पाखरांना पाणी ठेवायलाही नाही, कारण त्याला भोकं आहेत.

दुरुस्तीच्या हक्काचंही तसंच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं ठरली. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू झालं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून टीव्ही, लॅपटॉप, स्मार्टफोन, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दहापैकी किती दुरुस्त होऊ शकते याचा गुण छापणं सक्तीचं झालं. आपल्याकडेही तशा निर्देशांकाची चर्चा चालू आहे. चांगलंच आहे. पण या सगळ्या चर्चेत धरलेलं असतं, की वस्तू तुमची आहे. डिशचा बॉक्स कधी भाड्याचा, कधी योजनेतला, कधी "ॲक्टिव्हेशन"च्या पैशात मिळालेला. पैसे मावशीनं भरले, वीज मावशीची, जागा मावशीची, ताप मावशीचा. फक्त उघडायची वेळ आली की तो कंपनीचा.

मागायचं काय

रडून झालं, आता मागण्या. चारच आहेत, आणि एकही अशक्य नाही.

एक, बॉक्सच्या खोक्यावर, मोठ्या अक्षरात, तो किती अंशांपर्यंत चालेल ते छापा. भारतात विकायचा असेल तर ५० अंशांच्या खोलीत तपासलेला पाहिजे. चाळीसवाला विकायचाच असेल तर गरम जिल्ह्यांत कमी पैशात विका.

दोन, लाल दिव्याला खरी झोप द्या. आणि बॉक्सच्या अंगावर खरं बंद करायचं बटण द्या.

तीन, ॲडॉप्टर आणि वीजभाग सीलच्या बाहेर ठेवा, त्याचे सुटे भाग बाजारात मिळू द्या. पेठेतल्या मेकॅनिकनं तो उघडला तर कुणाचा करार मोडू नये.

चार, आणि ही माझ्या धंद्यातली. चिपला स्वतःचं तापमान कळण्याची सोय आजकाल असतेच. ते सिग्नलच्या पानावर तिसऱ्या पट्टीत दाखवा. दोन दिवसांचं काम आहे, मी फुकट करून देतो. मग सकाळी दहाला आलेल्या माणसाला काल दुपारी तीनला काय झालं ते दिसेल, आणि कुणाला छत्रीवर खापर फोडता येणार नाही. ही पट्टी आजवर का नाही, याचं उत्तर मला आधीच्या वाक्यातच सापडतं.

या मागण्या मी ग्राहकांच्या सरकारी तक्रार पोर्टलवर टाकल्यात. तुम्हीही टाका. बॉक्स तापत असेल तर दुपारी तीनचा फोटो काढा, शेजारी थर्मामीटर ठेवा, आणि "थंड जागी ठेवा" असं उत्तर आलं तर ते उत्तरही जोडा.

मावशीचा बॉक्स आता ठोकळ्यांवर उघडा बसलाय. रात्री झोपताना ती भिंतीवरचं बटण बंद करते. सकाळी चालू केल्यावर चॅनेल यायला दोन मिनिटं लागतात, त्याबद्दल ती मलाच बोल लावते. रुमाल मात्र तिनं टाकून दिलेला नाही. घडी करून बॉक्सच्या शेजारी ठेवलाय. परवा म्हणाली, "पावसाळा आला की घालू का रे परत?"

मी म्हटलं, "नको."

"मग धूळ बसंल की त्याच्यावर."

तिचंही बरोबर आहे. जाळीवर सुताची लव परत बसायला लागली आहे. दर पंधरा दिवसांनी ब्रश घेऊन मी कुंभारीला जातो.